टर्बो गाडीचं बूस्ट मीटर कसं वाचायचं? व्हॅक्यूम, बूस्ट आणि पुण्याचा वेगळा 'शून्य'

गेल्या काही वर्षांत छोट्या पेट्रोल गाड्यांमध्येही टर्बो आला. चाकणला बनणाऱ्या स्कोडा-फोक्सवॅगनच्या १.० लिटर टीएसआय गाड्या घ्या किंवा रांजणगावची १.२ लिटर टर्बो पेट्रोल नेक्सॉन घ्या, इंजिन लहान आणि पिकअप मोठ्या गाडीचा. पण यातल्या बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर बूस्ट मीटर नसतं. मग आपण ओबीडी डोंगल मागवतो, मोबाईलवर ॲप टाकतो आणि स्क्रीनवर एक गोल डायल येते. काटा कधी वजामध्ये जातो, कधी अधिकमध्ये. आणि मग पहिला प्रश्न पडतो: हे बरोबर आहे की गाडीत काही बिघाड आहे?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मेकॅनिक नाही. पण सेन्सरपासून मोबाईलच्या स्क्रीनपर्यंत हा आकडा कसा पोचतो, हा शेवटी डेटाचाच प्रवास आहे. या लेखात तो टप्प्याटप्प्याने बघू. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे: बूस्ट मीटरवरचा आकडा म्हणजे एका वजाबाकीचं उत्तर असतं. कशातून काय वजा झालं हे माहीत नसेल, तर त्या आकड्यावरून इंजिन चांगलं की वाईट हे ठरवता येत नाही.

हे मीटर नक्की काय मोजतं?

इंजिनात हवा जाते ती इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे सिलिंडरच्या तोंडाशी हवा वाटून देणाऱ्या पोकळ भागातून. त्याच्या दारात एक झडप असते, ती थ्रॉटल. एक्सलेटर दाबला की ही झडप उघडते. बूस्ट मीटर या मॅनिफोल्डमधला हवेचा दाब दाखवतं.

पेट्रोल इंजिन आयडलवर असताना झडप जवळपास बंद असते. पिस्टन आतून हवा ओढतात, पण बाहेरून पुरेशी येत नाही, त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. स्ट्रॉचं टोक बोटाने बंद करून ओढून बघा, गाल आत जातात, तोच प्रकार. हा झाला व्हॅक्यूम. मीटर वजामध्ये.

एक्सलेटर जोरात दाबला की झडप पूर्ण उघडते. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर टर्बोचं चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून आत ढकलतं आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त होतो. हा झाला बूस्ट. मीटर अधिकमध्ये. वाया जाणाऱ्या धुरावर हवा दाबायची ही कल्पना नवी नाही. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी तिचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं होतं.

मधला शून्य म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेइतकाच आहे. शून्य म्हणजे 'आत हवाच नाही' असं नाही. पंक्चरवाल्याकडचं मीटर आठवा. टायर पूर्ण बसला तरी त्यात बाहेरच्या दाबाची हवा असतेच, फक्त मीटर शून्य दाखवतं. बूस्ट मीटरचंही तसंच.

युनिट्सचा गोंधळ आधी मिटवू

जुन्या मीटरवर एक गंमत असते. शून्याच्या डाव्या बाजूला आकडे पाऱ्याच्या इंचांत असतात आणि उजव्या बाजूला पीएसआयमध्ये. एकाच डायलवर दोन मोजपट्ट्या! म्हणून डावीकडचे १८ आणि उजवीकडचे १८ यांची तुलना करू नका. हे लक्षात ठेवलं तरी पुरे:

• १ बार = १०० किलोपास्कल = साधारण १४.५ पीएसआय
• १ पीएसआय = साधारण ६.९ किलोपास्कल
• १ इंच पारा = साधारण ३.४ किलोपास्कल
• म्हणजे १ पीएसआय जवळपास २ इंच पाऱ्याएवढा

माझा सल्ला असा की ॲपमध्ये सगळं किलोपास्कलवर ठेवा. सेन्सर त्याच भाषेत बोलतो, आणि एकच मोजपट्टी असली की वजाबाकी तोंडी होते.

मोबाईलवर आकडा येतो कुठून?

ॲपमधला हा आकडा येतो तो मॅप सेन्सरवरून. गुगल मॅपशी त्याचा काही संबंध नाही. तो मॅनिफोल्डमधला निरपेक्ष दाब मोजतो, म्हणजे संपूर्ण निर्वात शून्य धरून त्यापासून पुढे. त्यामुळे त्याचा आकडा कधीच वजामध्ये जात नाही.

ॲप डोंगलमार्फत गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, एक छोटा प्रश्न पाठवतं: '०१ ०बी'. उत्तर येतं, समजा, '४१ ०बी २३'. शेवटचा २३ हा हेक्साडेसिमल आहे: दोन गुणिले सोळा अधिक तीन, म्हणजे ३५. आत ३५ किलोपास्कल दाब आहे. उत्तर एका बाइटचं असल्यामुळे या प्रश्नाला २५५ च्या वरचं उत्तर मिळूच शकत नाही.

मग ॲप दुसरा प्रश्न विचारतं: '०१ ३३'. म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब किती? पुण्यात उत्तर येईल '४१ ३३ ५एफ' असं काहीतरी. ५एफ म्हणजे ९५.

आता वजाबाकी: ३५ वजा ९५ = उणे ६०. हाच तुमचा व्हॅक्यूम. ६० ला ३.४ ने भागा, साधारण १८ इंच पारा.

इथपर्यंत सोपं आहे. घोटाळा होतो तो दुसऱ्या प्रश्नात. काही गाड्या '३३' चं उत्तरच देत नाहीत आणि काही ॲप तो प्रश्न विचारतच नाहीत. अशा वेळी ॲप सरळ समुद्रसपाटीचा दाब, म्हणजे १०१, गृहीत धरतं. स्वारगेटला बसून ते मुंबईच्या चौपाटीची वजाबाकी करतं.

पुण्याचा शून्य वेगळा का?

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. वर गेलं की डोक्यावरच्या हवेचा थर कमी होतो, म्हणून दाबही कमी. मुंबईत तो १०१ किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५ च्या आसपास आणि महाबळेश्वरला, साधारण १३५० मीटरवर, ८६ च्या आसपास असतो. हवामानाने थोडा फरक पडतो, पावसाळ्यात थोडा कमी, हिवाळ्यात थोडा जास्त.

आता हे बघा. इंजिन तेच, तब्येत तीच, आयडलवर आतला दाब ३५ किलोपास्कल. मीटर काय दाखवेल?

• मुंबई: ३५ वजा १०१ = उणे ६६, म्हणजे साधारण १९.५ इंच
• पुणे: ३५ वजा ९५ = उणे ६०, म्हणजे साधारण १७.५ इंच
• महाबळेश्वर: ३५ वजा ८६ = उणे ५१, म्हणजे साधारण १५ इंच

इंजिनात काहीच बिघडलेलं नाही, तरी व्हॅक्यूम साडेचार इंचांनी 'कमी' झाला. पुस्तकांत आणि व्हिडिओंमध्ये चांगल्या पेट्रोल इंजिनाचा आयडल व्हॅक्यूम १८ ते २२ इंच सांगतात. तो समुद्रसपाटीचा आकडा आहे. साधा नियम असा की दर हजार फूट उंचीला एक इंच कमी करायचा. पुण्यासाठी दोन इंच वजा केले की १६ ते २० इंच.

हा हिशोब न करण्याची किंमत मोठी असू शकते. माझा एक मित्र सेकंडहँड टर्बो पेट्रोल गाडी बघत होता. तपासणीला नेली तिथे मेकॅनिकने मीटर लावलं, गरम इंजिनावर काटा १७ इंचांवर स्थिर. "अठराच्या खाली आहे, व्हॉल्व्ह बसत नाहीत, हेड खोलावं लागेल," असं त्याने सांगितलं. खर्च पाच आकडी. आम्ही डोंगल लावून आतला दाब बघितला: ३७ किलोपास्कल. हेच इंजिन मुंबईत जवळपास १९ इंच दाखवेल. काटा थरथरत नव्हता, कंप्रेशन टेस्टमध्ये सगळे सिलिंडर सारखे निघाले. हेड खोलायचं कारणच नव्हतं. त्या मेकॅनिकचा आकडा बरोबर होता. ज्याच्याशी तुलना केली तो आकडा दुसऱ्या गावचा होता.

आधी ही एक मिनिटाची तपासणी करा

कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी हे करा:

१. इग्निशन ऑन करा, पण इंजिन सुरू करू नका.
२. ॲपमध्ये मॅनिफोल्डचा निरपेक्ष दाब बघा. इंजिन बंद आहे, म्हणजे आतला दाब बाहेरच्याइतकाच. पुण्यात ९५ च्या आसपास यायला हवा.
३. बाहेरच्या हवेचा दाब बघा. दोन्हींत एक-दोन किलोपास्कलपेक्षा जास्त फरक नको. जास्त असेल तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग आधी तपासा.
४. आता बूस्टची डायल बघा. शून्य हवा. उणे ६ किलोपास्कल, उणे ०.९ पीएसआय किंवा उणे २ इंच असं काही दाखवत असेल, तर ॲप समुद्रसपाटी धरून बसलंय. सेटिंगमध्ये बाहेरचा दाब हाताने भरा.

हाताने भरायचा आकडा आणायचा कुठून? काही स्मार्टफोनमध्ये बॅरोमीटर सेन्सर असतो. सेन्सर दाखवणाऱ्या कोणत्याही ॲपमध्ये बघा. पुण्यात तो ९४५ ते ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास दाखवेल. दहाने भागलं की किलोपास्कल. पण हवामानाच्या ॲपमधला आकडा घेऊ नका! तिथे पुण्यासाठीही १०१० वगैरे दिसतं, कारण वेगवेगळ्या गावांची तुलना करता यावी म्हणून तो आकडा समुद्रसपाटीला नेऊन दाखवतात. आपल्याला गाडी उभी आहे तिथला खरा दाब हवा.

स्वारगेट ते कात्रज: काटा कुठे काय दाखवतो?

आता गाडी चालवताना काय दिसतं ते बघू. स्वारगेटच्या जेधे चौकातून सातारा रोडने कात्रजला आणि पुढे जुन्या घाटाने बोगद्यापर्यंत, हा रस्ता यासाठी मस्त आहे. सिग्नल, सरळ रस्ता, चढ, उतार, सगळं मिळतं. एक लिटरच्या टर्बो पेट्रोल गाडीत, गरम इंजिनावर साधारण असे आकडे येतात. सगळे आतल्या निरपेक्ष दाबाचे, किलोपास्कलमध्ये.

सिग्नलला उभी गाडी: ३० ते ४०. एसीचा कंप्रेसर सुरू झाला की थोडा वर जातो, कारण इंजिनाला जास्त काम पडतं. सिग्नलला आपोआप इंजिन बंद होणारी गाडी असेल तर आकडा थेट ९५ वर जाईल. घाबरू नका, इंजिन थांबलंय एवढाच त्याचा अर्थ.

पद्मावती, बालाजीनगरच्या ट्रॅफिकमध्ये हलका एक्सलेटर: ५० ते ८०. म्हणजे अजून व्हॅक्यूमच. शहरातल्या बऱ्याचशा ड्रायव्हिंगमध्ये टर्बो गाडी अशी व्हॅक्यूममध्येच चालते. ॲव्हरेज सांभाळायचं असेल तर काटा इथेच राहू द्या.

९५ च्या आसपास: झडप बऱ्यापैकी उघडली, पण टर्बोचं चाक अजून वेगात आलेलं नाही. एक्सलेटर दाबल्यावर काटा इथे क्षणभर रेंगाळतो आणि मग वर जातो. त्यालाच आपण टर्बो लॅग म्हणतो.

घाटाच्या चढावर ओव्हरटेक करताना: १४० ते १८०. हा बूस्ट. वर गेल्यावर काटा एका ठिकाणी थांबतो, कारण ईसीयूने ठरवलेली मर्यादा आली की वेस्टगेट नावाची झडप जास्तीचा धूर टर्बोच्या चाकाला वळसा घालून सोडते.

बोगद्यापलीकडचा उतार, गाडी गिअरमध्ये, पाय एक्सलेटरवरून काढलेला: २० ते २५. सगळ्यात खोल व्हॅक्यूम, आयडलपेक्षाही जास्त. चाकं इंजिनाला फिरवतात आणि झडप बंद. यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात. बहुतेक गाड्या अशा वेळी इंधन तोडतात, म्हणून उतारावर न्यूट्रल करण्यात फायदा नाही आणि धोका मात्र आहे.

घाट चढताना ॲपमध्ये बाहेरच्या दाबावरही लक्ष ठेवा. तो काही किलोपास्कलने उतरलेला दिसेल. तुमच्या मीटरचा शून्य गाडीबरोबर सरकतोय!

वर गेल्यावर बूस्ट 'वाढतो' का?

महाबळेश्वरला जाऊन आलेले काही जण सांगतात, "वर बूस्ट जास्त दाखवत होता, गाडी मस्त चालत होती." इथेही वजाबाकीच आहे. समजा ईसीयूने आतला दाब १८० वर धरून ठेवला. मग मीटर दाखवेल:

• मुंबई: १८० वजा १०१ = ७९, म्हणजे साधारण ११.५ पीएसआय
• पुणे: १८० वजा ९५ = ८५, म्हणजे साधारण १२.३ पीएसआय
• महाबळेश्वर: १८० वजा ८६ = ९४, म्हणजे साधारण १३.६ पीएसआय

इंजिनात जाणारी हवा जवळपास तेवढीच. बाहेरचा दाब घटला म्हणून फरक मोठा दिसला. उलट टर्बोला कष्ट जास्त पडले. मुंबईत त्याला हवा १.८ पट दाबावी लागत होती, महाबळेश्वरला २.१ पट. त्यासाठी चाक जास्त वेगात फिरतं आणि हवा जास्त तापते. फार उंचीवर ईसीयू टर्बो वाचवायला मर्यादा खाली आणतो. विनाटर्बो इंजिनाला मात्र ही सोय नाही. महाबळेश्वरला बाहेरची हवाच साधारण १५ टक्के कमी दाबाची, तेवढा दम कमी होतो.

बिघाडाच्या खुणा

आकडा एकदाच बघून काही ठरवू नका. गाडी चांगली असताना आयडल, सरळ रस्ता आणि चढ यांचे आकडे लिहून ठेवा. नंतर त्यांच्याशीच तुलना करा.

• आयडलला आतला दाब नेहमीपेक्षा जास्त आणि स्थिर (म्हणजे व्हॅक्यूम कमी): कुठेतरी हवा गळतेय किंवा इग्निशनचा टायमिंग मागे आहे. रबरी पाइप चिरलाय का, 'स्स' असा आवाज येतो का बघा.
• त्याबरोबर ब्रेकचं पेडल कडक लागतंय: अनेक पेट्रोल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो. इथे आकडे बघत बसू नका, गाडी थांबवा आणि गॅरेजला फोन करा.
• काट्याच्या मीटरवर ठरावीक तालात झटका: एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा मिसफायर. हे मोबाईलवर दिसणार नाही, कारण स्वस्त डोंगल सेकंदाला मोजकेच आकडे देतं. यासाठी जुनं काट्याचं मीटरच चांगलं.
• उभ्या गाडीत २५०० आरपीएमवर धरलं आणि व्हॅक्यूम हळूहळू उतरतच गेला: धुराची वाट तुंबली असू शकते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासा.
• चढावर नेहमीचा बूस्ट येत नाही, सुसाट वारा सुटल्यासारखा आवाज येतो: टर्बो आणि इंजिनाच्या मधला पाइप निसटला किंवा फाटला. पी०२९९ हा कोड दिसेल, म्हणजे बूस्ट अपेक्षेपेक्षा कमी.
• बूस्ट नेहमीपेक्षा वर जातो आणि गाडी अचानक दम सोडते: वेस्टगेट अडकला असेल. पी०२३४ म्हणजे बूस्ट मर्यादेबाहेर. गाडी रेटू नका.

आणि डिझेल गाडी असेल तर?

वरचे व्हॅक्यूमचे आकडे डिझेलला लावू नका. डिझेल इंजिनात वेग ठरतो तो इंधनावर, हवेच्या झडपेवर नाही. त्यामुळे आयडलला आतला दाब बाहेरच्याइतकाच किंवा जवळपास तेवढा असतो. रांजणगावला बनलेलं फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन असलेली जुनी गाडी घरी असेल तर लावून बघा: आयडलला मीटर शून्याजवळ. ते बरोबरच आहे. ब्रेकसाठी अशा गाडीत वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. डिझेलमध्ये बघायची ती बूस्टची बाजू. बूस्ट कमी आणि काळा धूर जास्त, हे दोन्ही एकत्र आले की आधी पाइप तपासा.

वापरताना हे पाळा

• गाडी चालवताना मोबाईल हातात घेणं गुन्हा आहे. ॲपमध्ये रेकॉर्डिंग सुरू करा, मोबाईल बाजूला ठेवा आणि घरी येऊन आलेख बघा. नाहीतर शेजारी बसलेल्याला बघायला सांगा.
• आयफोन असेल तर जुन्या ब्लूटूथचं स्वस्त डोंगल जोडलं जाणार नाही. वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवालं घ्या.
• एका वेळी दोन-तीनच आकडे मागवा. यादी लांबली की प्रत्येक आकडा उशिरा येतो आणि बूस्टचं टोक हुकतं.
• गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर डोंगल काढून ठेवा, बॅटरी उतरू शकते.
• गॅरेजमध्ये आकडा सांगताना तीन गोष्टी सांगा: आतला निरपेक्ष दाब, बाहेरचा दाब, आणि इंजिन तेव्हा काय करत होतं. "व्हॅक्यूम सतरा आहे" यापेक्षा "पुण्यात, गरम इंजिन, एसी बंद, आत ३७, बाहेर ९५" हे कोणत्याही मेकॅनिकला जास्त उपयोगी पडतं, आणि त्यावर कोणी घाईने हेड खोलायला सांगणार नाही.